घटस्फोटाची बोलणी मध्यस्थासमोर: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

न्यायाधीश फाईल बाजूला ठेवतात, ‘मीडिएशनला पाठवतो’ म्हणतात, आणि व्हरांड्यात आल्या आल्या पक्षकार वकिलाला विचारतो, ‘म्हणजे आता परत नांदायला पाठवणार का?’ बायका विचारतात, तसेच पुरुषही विचारतात. तसं काही होत नाही. दोघांनाही पुन्हा एकत्र राहून बघायचं असेल तर ती वाट खुली असते, पण त्यासाठी कुणी दबाव आणत नाही. वेगळं व्हायचं ठरलंच असेल, तर मुलं, पैसे, घर, दागिने आणि एकमेकांवरच्या केसेस यांचं काय करायचं, हे तुम्ही दोघांनी बसून ठरवायचं. बोलणं रुळावर ठेवायला समोर तिसरा माणूस असतो, जो दोघांपैकी कुणाचाच नसतो.

मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते आणि प्रशिक्षण घेऊन मध्यस्थ म्हणूनही बसते. दोन्ही खुर्च्यांवरून मला एकच गोष्ट दिसत आली आहे. लोक भांडायच्या तयारीने येतात, ठरवायची तयारी कुणी करून येत नाही. ती तयारी कशी करायची, हे मुख्यतः सांगायचं आहे. लिहिते आहे ते भारतातल्या कायद्यापुरतं. उदाहरणांमधले ओळख पटतील असे तपशील बदलले आहेत.

मध्यस्थ म्हणजे नक्की कोण

घरच्या बैठकीचा अनुभव बहुतेकांना असतो. मामा, काका, गावातली चार मोठी माणसं, आणि ज्याचे पाहुणे जास्त त्याचा आवाज मोठा. मध्यस्थ त्यातला नव्हे. तो न्यायाधीशासारखा निकाल देत नाही, लवादासारखा निवाडा करत नाही. कौटुंबिक न्यायालयातले समुपदेशकही वेगळे. ते नातं, मुलांची मनःस्थिती, समेटाची शक्यता यांवर काम करतात. मध्यस्थ वाटाघाटी पुढे नेतो. न्यायालयाने नेमलेल्या मध्यस्थाने किमान ४० तासांचं प्रशिक्षण घेतलेलं असतं. बरेचसे वकील असतात, काही निवृत्त न्यायाधीश.

न्यायालय मध्यस्थीकडे पाठवतं ते कायद्याच्या आधाराने. कौटुंबिक न्यायालये कायदा, १९८४ च्या कलम ९ प्रमाणे तडजोडीचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्यच आहे. वाद न्यायालयाबाहेर मिटवायला पाठवण्याबाबतचं दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८९ही आहे. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये वैवाहिक वाद मध्यस्थीकडे पाठवण्याबाबत कौटुंबिक न्यायालयांना स्पष्ट निर्देश दिले. म्हणून ‘माझी केस कमकुवत आहे म्हणून पाठवलं’ असं मनात आणू नका.

मध्यस्थ तुमच्या किंवा समोरच्याच्या ओळखीचा निघाला, नात्यातला किंवा वकिलांच्या ऑफिसातला वाटला, तर पहिल्याच दिवशी सांगा आणि बदलून मागा. यात कुणाचा अपमान होत नाही. मनात शंका ठेवून चार बैठका केल्या, की पाचव्या बैठकीत सगळं फिस्कटतं.

मध्यस्थी कधी नको

हे मी आधीच लिहिते, कारण इथे चूक झाली तर महागात पडते. समोरच्या माणसाची भीती वाटत असेल, मारहाण झाली असेल, त्याने नुसतं पाहिलं तरी तुमचा ‘नाही’ घशात अडकत असेल, तर समोरासमोर बसू नका. केंद्रातल्या कर्मचाऱ्याला किंवा मध्यस्थाला आधी एकट्याने गाठून हे सांगा. वेगळ्या खोल्या, येण्या-जाण्याच्या वेगळ्या वेळा, व्हिडिओवरून बैठक असे मार्ग निघतात. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा संरक्षणाचा आदेश हवा असेल तर तो आधी घ्या. मध्यस्थी चालू आहे म्हणून तो अर्ज थांबवायचं कारण नाही.

दुसरा प्रकार मिळकत लपवणाऱ्याचा. समोरचा कागदच दाखवत नसेल तर मध्यस्थाच्या हातात कागद काढून घ्यायचा अधिकार नसतो. तो न्यायालयाकडे असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पोटगीच्या प्रकरणांत दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचं सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यावं असं ठरवून दिलं. ती प्रतिज्ञापत्रं दाखल झाल्यावर मध्यस्थीला बसलात, तर आकड्यांवरून होणारे निम्मे वाद तिथेच मिटतात.

अर्ज कुठे करायचा

केस चालू असेल तर वकिलामार्फत, किंवा स्वतः उभं राहून, ‘प्रकरण मध्यस्थीकडे पाठवावं’ एवढी विनंती पुरते. केस दाखलच केली नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या किंवा तालुका विधी सेवा समितीच्या कार्यालयात दावापूर्व मध्यस्थीसाठी अर्ज करता येतो. ही कार्यालयं बहुधा न्यायालयाच्या आवारातच असतात. न्यायालयाशी जोडलेल्या केंद्रात मध्यस्थाची फी पक्षकारांना द्यावी लागत नाही. खासगी मध्यस्थ फी घेतात. ती कुणी किती भरायची हे सुरू होण्याआधी लेखी ठरवा, आणि शक्यतो दोघांनी भरा. एकानेच भरली की दुसऱ्याला मध्यस्थ ‘त्यांचा माणूस’ वाटू लागतो.

वकील परवडत नाही म्हणून कुणी मागे राहू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. बहुतेक पुरुषांना उत्पन्नाच्या मर्यादेत बसल्यास मिळतो; अनुसूचित जाती-जमाती, अपंग अशा काही गटांतल्या पुरुषांना ती अट नाही.

घरचा अभ्यास

बैठकीच्या आधीचे पंधरा दिवस सगळ्यांत महत्त्वाचे. एक साधी वही घ्या. मोबाईलमधल्या नोंदी ऐन वेळी सापडत नाहीत.

पहिल्या पानांवर पैसे. पगाराच्या स्लिपा, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, बँकेची पासबुकं, पीएफ, विम्याच्या पॉलिसी, गृहकर्जाचं ताजं स्टेटमेंट, भाडेकरार. स्वतःचे कागद गोळा करा. समोरच्याचा मोबाईल किंवा ईमेल चोरून उघडू नका, त्यातून नवी केस उभी राहते.

मग मुलांचा खर्च. तो महिन्याचा लिहू नका, वर्षाचा लिहा. एका बैठकीत वडील म्हणाले, ‘महिन्याला आठ हजार देतो, भरपूर झाले.’ आई रागाने उठणार होती. मी दोघांसमोर कोरा कागद ठेवला आणि त्यांनाच लिहायला लावलं. शाळेची फी वर्षाला ४८,०००, बस १२,०००, पुस्तकं आणि गणवेश ९,०००, शिकवणी १८,०००. बेरीज ८७,०००. बाराने भागलं तर महिन्याला ७,२५०. वडील बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग स्वतःच म्हणाले, ‘यात जेवण कुठे आहे?’ त्यानंतर आवाज चढला नाही. आकडा कमी-जास्त होत राहिला, पण दोघंही एकाच कागदावर बोलत होते.

पुढची पानं स्त्रीधनाची. लग्नात आणि नंतर तिला मिळालेले दागिने, वस्तू, भेटी या तिच्या मालकीच्या असतात, त्या सासरच्या कपाटात असल्या तरी. यादी आठवणीतून केली की ‘पाटल्या चार होत्या की दोन’ इथेच दिवस जातो. लग्नाचा अल्बम घेऊन बसा. कुठल्या फोटोत कोणता दागिना दिसतो ते नोंदवा, सोनाराच्या पावत्या असतील तर जोडा. प्रत्येक वस्तूपुढे तीन रकाने करा: सध्या कुणाकडे आहे, परत हवी की तिची किंमत, आणि मोडून कुठे वापरली असेल तर कुठे. तिसरा रकाना बरेच जण गाळतात. घराच्या डाऊन पेमेंटसाठी तोडे मोडले असतील तर ते सोनं आज त्या घरात आहे, आणि घराची वाटणी करताना ते मोजलं जायला हवं.

शेवटचं पान फक्त स्वतःसाठी. त्यावर तीन गोष्टी लिहा. काय मिळाल्याशिवाय सही करणार नाही, काय मिळालं तर बरं, आणि काय सोडून द्यायला तयार आहे. त्याखाली वकिलाला विचारून लिहा, की तडजोड झाली नाही तर न्यायालयात साधारण काय मिळेल, किती वर्षं लागतील आणि त्याला किती खर्च येईल. हे पान मध्यस्थालाही दाखवायची गरज नाही. पण समोरून प्रस्ताव आला की तो बऱ्याचदा या पानाशी ताडून बघायचा असतो, आणि तेव्हा ते लिहिलेलं असावं लागतं. रागात माणूस चांगला प्रस्ताव फेकून देतो आणि थकल्यावर वाईट प्रस्ताव घेतो.

पहिली बैठक

मध्यस्थ आधी दोघांना एकत्र बसवून नियम सांगतो. मध्ये बोलायचं नाही, मुलांना खोलीत आणायचं नाही, इथलं बोलणं बाहेर वापरायचं नाही. हा शेवटचा नियम नीट समजून घ्या. तुम्ही मध्यस्थीत ‘दहा लाख देतो’ म्हणालात आणि पुढे जमलं नाही, तर समोरचा ते न्यायालयात तुमच्याविरुद्ध वापरू शकत नाही. मध्यस्थाला साक्षीला बोलावता येत नाही. तडजोड झाली नाही तर त्याने न्यायालयाला फक्त ‘झाली नाही’ एवढंच कळवायचं असतं. कुणामुळे झाली नाही, हेही लिहायचं नसतं. खोलीत चोरून रेकॉर्डिंग करू नका.

मग स्वतंत्र बैठका होतात. एक आत, एक बाहेर. बाहेर बसलेल्याला वाटतं की आत माझ्याविरुद्ध काहीतरी शिजतंय. तसं वाटणं साहजिक आहे. तुमची पाळी येईल तेव्हा मध्यस्थाला प्रत्येक गोष्टीबद्दल सांगा, ‘हे त्यांना सांगितलं तरी चालेल’ किंवा ‘हे तुमच्यापाशीच राहू द्या’. मध्यस्थाने ते पाळलंच पाहिजे.

नातेवाईक सोबत आणायचे का? दारापर्यंत सोबत हवीच असते, पण खोलीत नको. आई-वडील आत असले की मुलगा किंवा मुलगी त्यांच्या चेहऱ्याकडे बघून बोलते. वकील आत असतील तर त्यांना आधीच सांगा की उलटतपासणी घ्यायची नाही.

आरोप ऐकावे लागतील. प्रत्येक आरोपाला उत्तर द्यायचं नाही, हे घरून ठरवूनच या. ‘तू कधीच घरी नव्हतास’ याला पुरावा देत बसलात तर अर्धा तास गेला. त्याऐवजी ‘यापुढे मुलीसाठी कोणत्या दिवशी येऊ शकतो ते सांगतो’ असं म्हटलं की बोलणं पुढे सरकतं. एका बैठकीत सगळं संपत नाही. दर आठवड्या-पंधरवड्याला एक अशा चार-सहा बैठका लागतात, कधी जास्तही.

मुलांचं आधी ठरवा

पैशांआधी मुलांचं बोला, असं मी आग्रहाने सांगते. पैशांचं आधी बोललं की पुढे मुलाच्या भेटीचे तास रकमेशी बांधले जातात, आणि ते मुलाला कळतं.

‘मुलाचा ताबा आईकडे, वडिलांना परस्पर सोयीनुसार भेटीचा हक्क’ असं एक वाक्य कित्येक करारांत असतं. तेच दोन वर्षांनी पुन्हा कोर्टात आणतं. परस्पर सोय असती तर घटस्फोट कशाला झाला असता? एका जोडप्याचं याच वाक्यावरून इतकं बिनसलं होतं, की वडील सोसायटीच्या फाटकाशी तासभर उभे राहायचे आणि सात वर्षांचा मुलगा गॅलरीतून खाली बघत बसायचा. आई म्हणायची, त्यांनी कळवलं नाही. वडील म्हणायचे, मेसेज केला होता. दोघंही खरं बोलत होते. मेसेज जुन्या नंबरवर गेला होता. पुन्हा बसलो तेव्हा वाद ताब्याचा नव्हताच. आम्ही एवढंच लिहिलं: पहिला आणि तिसरा शनिवार, सकाळी दहा वाजता, फाटकावर, आजोबा मुलाला खाली आणतील. रविवारी संध्याकाळी सहाला त्याच ठिकाणी परत. उशीर होणार असेल तर नऊपर्यंत या नंबरवर फोन. आजारी असेल तर तो शनिवार बुडणार नाही, पुढचा मिळेल. सहा ओळी होत्या. त्या लिहायला दीड तास लागला.

तुमच्या करारातही इतकं बारीक लिहा. दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी कशी वाटायची, गणपतीचे दिवस कुणाकडे, वाढदिवस, परीक्षेच्या आधीचा आठवडा, रात्रीचा व्हिडिओ कॉल किती वाजता. शाळा बदलायची किंवा ऑपरेशन करायचं तर कोण ठरवणार, दुसऱ्याला किती दिवस आधी कळवणार. मुलाच्या पासपोर्टसाठी दोघांची संमती मागितली जाते, म्हणून ती कोण कधी देणार हेही लिहून टाका. एकाला दुसऱ्या शहरात नोकरी लागली तर काय, हे आजच बोला. तेव्हा बोलायला बसाल अशी परिस्थिती असेलच असं नाही.

कायद्याच्या दोन गोष्टी इथे लक्षात असू द्या. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ प्रमाणे पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे असतं. आणि मुलाचा खर्च मागण्याचा हक्क मुलाचा असतो. ‘मी मुलासाठी काहीच मागणार नाही’ असं आईने लिहून दिलं तरी त्याने मुलाचा हक्क संपत नाही, आणि मुलाच्या हिताला बाधक अट न्यायालय नंतर बदलू शकतं. म्हणून ताबा सोडतो पण खर्च मागू नकोस, किंवा खर्च सोडते पण भेटायला येऊ नकोस, असले सौदे करू नका.

पैशांचं

पोटगी एकरकमी की दरमहा, हा पहिला प्रश्न. एकरकमी घेतली की दर महिन्याची वाट बघणं संपतं, पण रक्कम एकदाच ठरते. महागाई वाढली म्हणून पुढे मागायला जाणं अवघड होतं. दरमहा घेतली तर दरवर्षी किती टक्के वाढ, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात, आणि चुकली तर काय, हे लिहावं लागतं. समोरच्याची नोकरी पक्की आहे का आणि आजवर त्याने शब्द कितपत पाळला आहे, यावर मी सल्ला देते. खावटीचे हप्ते आधीच थकवणाऱ्याशी दरमहाचा करार करू नका.

एकरकमी रक्कम टप्प्यांत द्यायची पद्धत आहे आणि ती चांगली आहे. काही भाग परस्पर संमतीच्या घटस्फोटाच्या पहिल्या अर्जाच्या दिवशी, काही फौजदारी केस रद्द होईल त्या दिवशी, उरलेला शेवटच्या जबाबाच्या दिवशी. रक्कम डिमांड ड्राफ्टने किंवा थेट खात्यात. रोखीने देऊ नका, घेऊ नका. देणाऱ्याला भीती असते की पैसे दिले आणि तिने संमती काढून घेतली तर. घेणारीला भीती असते की सही केली आणि पैसेच आले नाहीत तर. टप्पे नीट पाडले की दोन्ही भीती आटोक्यात येतात.

घराबाबत लोक हमखास फसतात. दोघांच्या नावावर कर्ज असेल आणि ‘यापुढे हप्ते पती भरेल’ असं तुम्ही करारात लिहिलंत, तरी बँक त्याने बांधली जात नाही. त्याने भरले नाहीत तर बँक दोघांच्याही मागे लागेल आणि दोघांचाही क्रेडिट स्कोअर बिघडेल. म्हणून सही करण्याआधी बँकेत जा, कर्जातून एक नाव कमी होतंय का, त्याच्या एकट्याच्या पगारावर कर्ज बसतंय का, ते विचारा. बसत नसेल तर घर विकून कर्ज फेडायचं आणि उरलेलं वाटून घ्यायचं, हा कटू पण स्वच्छ मार्ग आहे. हिस्सा दुसऱ्याच्या नावे करायचा असेल तर कोणता दस्त लागेल, मुद्रांक शुल्क किती आणि ते कोण भरणार, हे करारातच यायला हवं.

छोट्या गोष्टी पटकन सांगते: एकत्र खाती, लॉकर, पीएफ आणि विम्याचे वारस म्हणून नामनिर्देशन, मेडिक्लेममधलं नाव, गॅसचं कनेक्शन, गाडीची नोंदणी. एकेका ओळीत लिहून टाका.

एकमेकांवरच्या केसेस

पती किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाबद्दलचं पूर्वीचं ४९८अ, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, यातली तक्रार ‘आमचं मिटलं’ असं सांगून खालच्या न्यायालयातून सरळ मागे घेता येत नाही. त्यासाठी उच्च न्यायालयात रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो आणि तक्रारदाराला तिथे संमती द्यावी लागते. पोटगीचा अर्ज, हिंसाचार कायद्याखालचा अर्ज, दिवाणी दावे यांची वाट वेगळी आणि सोपी असते. करारात प्रत्येक केसचा क्रमांक, न्यायालय, ती कुणी, कशी आणि कोणत्या तारखेपर्यंत मागे घ्यायची, हे लिहा. ‘सर्व केसेस मागे घेण्यात येतील’ एवढं पुरत नाही. एखादी केस कुठल्या तरी तालुक्याच्या न्यायालयात राहून जाते आणि वर्षभराने वॉरंट येतं.

अडलं तर

एखाद्या मुद्द्यावर बोलणं ठप्प होणं नेहमीचं आहे. तो मुद्दा बाजूला ठेवून पुढचा घ्या. घराची किंमत पटत नसेल तर दोघांनी मिळून एक मूल्यांकनकार नेमा. भेटीच्या वेळापत्रकाची खात्री नसेल तर तीन महिने करून बघा आणि मग कायम करा. सगळं जमलं नाही तरी जेवढं जमलं तेवढ्याचा अंशतः करार होऊ शकतो. मुलाचं ठरलं आणि पैशांचा निर्णय न्यायालयावर सोडला, असं बऱ्याचदा होतं. काहीच जमलं नाही तर प्रकरण होतं तिथून न्यायालयात पुढे चालतं, तुमची बाजू त्याने कमजोर होत नाही. मध्यस्थीतून उठून जायचा हक्क तुम्हांला प्रत्येक क्षणी आहे. आणि साक्षीपुरावा चालू असतानाही पुन्हा मध्यस्थीला जाता येतं. वर्षभर तारखा झाल्यावर दुसऱ्यांदा आलेल्या जोडप्यांचं मिटताना मी पाहिलं आहे.

सही करण्याआधी

मसुदा तुम्हांला समजेल अशा भाषेत मागा. इंग्रजीत असेल तर मध्यस्थाकडून किंवा वकिलाकडून ओळ न् ओळ मराठीत समजून घ्या आणि तसं समजावल्याची नोंद करारात असू द्या. मग एक रात्र घरी न्या. ‘आजच सही करा, उद्या ते बदलतील’ असं कुणी म्हणालं तरी थांबा. एका रात्रीत बदलणारी माणसं सहा महिन्यांतही बदलतील.

घरी वाचताना माझी एक कसोटी लावून बघा. हा कागद तुमच्याबद्दल काहीच माहीत नसलेल्या माणसाच्या हातात दिला, तर येत्या पाच तारखेला कुणी किती पैसे भरायचे आणि शनिवारी मुलगा कुठे असेल, हे त्याला सांगता येईल का? येत नसेल तर तिथे खूण करा आणि ते वाक्य पुन्हा लिहून घ्या. ‘योग्य वेळी’, ‘शक्य तितक्या लवकर’, ‘सामंजस्याने’ हे शब्द दिसले तर तिथे तारीख, आकडा किंवा नाव घाला. प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या हव्यात. कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही करू नका, कुणीही सांगितलं तरी.

न्यायालयात शेवटचे टप्पे

मध्यस्थीतला करार म्हणजे घटस्फोट नव्हे. लग्न सर्वसाधारणपणे न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच संपतं. हिंदू विवाह कायद्यात परस्पर संमतीचा घटस्फोट कलम १३ब खाली मिळतो. त्यासाठी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. वेगळं म्हणजे पती-पत्नी म्हणून न राहणं. घराचं भाडं परवडत नाही म्हणून एकाच छताखाली दोन खोल्यांत राहणाऱ्यांनाही हे लागू होऊ शकतं. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत दुसऱ्यांदा येऊन जबाब द्यायचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं की हे सहा महिने योग्य प्रकरणात न्यायालय माफ करू शकतं. अट अशी, की अर्जाआधीच दीड वर्ष वेगळं राहून झालेलं असावं, समेटाचे प्रयत्न संपलेले असावेत, आणि पोटगी, ताबा वगैरे सगळं खरोखर मिटलेलं असावं. मध्यस्थीतला नीट करार इथे थेट उपयोगी पडतो. आंतरधर्मीय किंवा नोंदणी विवाह विशेष विवाह कायद्याखाली झाला असेल तर कलम २८, ख्रिस्ती विवाहाला घटस्फोट कायद्याचं कलम १०अ, आणि मुस्लिम जोडप्यांना मुबारात, म्हणजे दोघांच्या संमतीने होणारा घटस्फोट. वाटाघाटीची पद्धत सगळीकडे तीच.

मधल्या काळात दोन गोष्टी सांभाळा. हुकूमनामा होईपर्यंत तुम्ही विवाहितच आहात, तेव्हा दुसऱ्या लग्नाची बोलणी तारखेसह पक्की करू नका. आणि तोपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती काढून घेऊ शकतं, म्हणून ठरलेले हप्ते आणि भेटी पहिल्या दिवसापासून पाळा, पावत्या वहीत चिकटवा. न्यायालयात न्यायाधीश दोघांना विचारतात, ‘कुणाच्या दबावाखाली तर नाही ना?’ दबाव असेल तर तिथे स्पष्ट सांगा, त्यासाठीच ते विचारतात.

हुकूमनामा झाला की त्याच दिवशी नक्कल विभागात प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा, आणि किमान तीन प्रती मागा, करार जोडलेल्या. पासपोर्ट ऑफिस, बँक, मुलाची शाळा, प्रत्येक ठिकाणी कुणी ना कुणी प्रत मागतं. एक प्रत घरात कुणालाच न देता ठेवा.